पखवाज कोणाचा, हे विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या भजनाच्या कॅसेटींसाठी चिठ्ठ्या छापून दिल्यात, पण पैसे तुम्ही घेतले नाहीत. फोनवर आभार मानायला लागले, तर तेही पुरते ऐकून घेतले नाहीत. ‘बरां, ठेवतंय’ म्हणून फोन ठेवूनही दिलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. माझे बाबा भजनी बुवा. कुडाळजवळच्या आमच्या गावात चतुर्थीला रात्र रात्र घराघरांतून भजनं होतात, त्यांत त्यांनी उभी हयात घालवली. डबलबारीलाही, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या भजनी सामन्यालाही, उभे राहिले. त्या काळी गल्फमधून सुटीवर आलेल्या कोणाचा तरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, देवघराच्या उंबऱ्यावर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि नमनापासून गजरापर्यंत जेवढं मावेल तेवढं भरून घ्यायचं. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. नेमकी गवळण रंगात आली की बाजू संपायची. अशा भरपूर कॅसेटी आमच्या माळ्यावर होत्या. 1963 साली फिलिप्स कंपनीने ही कॅसेट बाजारात आणली, लू ओटेन्स या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. बोटाच्या नखाहूनही अरुंद, जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची ती फीत. तिच्यामुळे कुठल्याही स्टुडिओची पायरी न चढलेल्या माणसांचा आवाज घरात टिकून राहिला. माझ्या बाबांचा भर उमेदीतला आवाज आज ऐकू येतो तो त्या फितीमुळे.

पण कोकणातल्या पावसाळ्यांनी कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या खाल्ल्या. गोंद सुटला, शाई उडाली, काहींवर बुरशी चढली. आणि इकडे बाबांची दृष्टी गेली. पुरती नाही, समोरचं, मधलं जातं, कडेकडेचं दिसतं. अक्षर मोठं, ठळक आणि पांढऱ्यावर काळं असेल तर मान तिरकी करून अजून वाचतात. मोबाइल त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नाही. टेपरेकॉर्डरची बटणं मात्र त्यांना अंधारातही सापडतात. म्हणून मला हव्या होत्या छापील चिठ्ठ्या: कॅसेटच्या अंगावर एक आणि डबीत घालायचं कार्ड एक. बाबांना कोणाला हाक न मारता स्वतः वाचता येतील अशा. मागणी एवढीच होती.

एवढ्याशा मागणीला आधी काय उत्तरं मिळाली, ती लिहिल्याशिवाय तुमचं मोल वाचणाऱ्यांना कळायचं नाही. मुंबईत आमच्या उपनगरातल्या एका दुकानात गेले. त्यांनी पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं केली आणि मागे गणपतीचं चित्र घातलं. डोळे अधू असलेल्या माणसासाठी आहे हे मी सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. ‘चतुर्थी’चा रफार आणि वेलांटी वरच्या कडेला कापली गेली होती. ‘दुसऱ्या बारीचा गजर’ छापला तो ‘दुसर्या’ असा. दाखवल्यावर उत्तर मिळालं, ‘फॉन्टमध्ये तसंच येतं, मॅडम.’ छापताना पान आपोआप लहान करून घेतलं होतं, त्यामुळे चिठ्ठीवरची भोकं कॅसेटच्या चाकांवर बसेनात. तरी मी एक चिकटवून पाहिली. जाड स्टिकरची कड आत सुटली आणि टेपरेकॉर्डरने रीळ गुंतवून टाकली. 1991 सालच्या चतुर्थीची कॅसेट होती ती. पैसे त्यांनी डिझाइनचे म्हणून पूर्ण घेतले.

गावाकडच्या बाजारपेठेतला दुसरा दुकानदार तर हसलाच. ‘आता कॅसेट कोण ऐकतंय? पेनड्राइव्हवर भरून द्या म्हाताऱ्यांना.’ बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते पायरी चाचपत खाली उतरले. त्या माणसाला काम जमत नसेल तर नसो. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतं, एवढं तरी त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

आणि मग आतेभावाने तुमचं नाव सांगितलं. घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि सत्यनारायणाची आमंत्रणं करतात, एवढीच माहिती होती. तुम्ही गिरगावच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात आयुष्य काढलंय, हे तुमच्या ओटीवर बसल्यावर कळलं. निर्णयसागरच्या टाइपांबद्दल तुम्ही घरच्या माणसांसारखं बोलत होतात. जावजी दादाजींनी उभ्या केलेल्या त्या छापखान्याची अक्षरं जुन्या पोथ्यांत आजही कशी शाबूत दिसतात, हे दाखवायला आतून एक पोथीच घेऊन आलात. मला वाटलं, चिठ्ठ्यांचं राहूनच जाणार. पण तुम्ही पोथी मिटलीत, पट्टी काढलीत आणि कॅसेट मोजायला घेतलीत. डबीची पाठ साडेबारा मिलिमीटर. तेवढ्यात वर रफार-वेलांटी आणि खाली उकार दोन्ही मावायला हवेत, म्हणजे मधल्या अक्षराला खरी जागा किती उरते ते तुम्ही मला कागदावर काढून दाखवलंत. शाईच्या प्रिंटरवर छापायचं नाही, दमट हवेत ओघळतं, असंही तुम्हीच सांगितलंत. बाकी छपाईचा तपशील मी इथे लिहीत बसत नाही. तो तुमचा प्रांत, आणि तो तुम्ही चोख सांभाळलात. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: पहिल्या बाजूला पांढऱ्यावर काळं आणि दुसऱ्या बाजूला काळ्यावर पांढरं करण्याची कल्पना तुमची. बाबांना आता बाजू ओळखायला अक्षरसुद्धा वाचावं लागत नाही.

हे झालं कौशल्य. हे पत्र मात्र त्या रात्रीच्या फोनसाठी आहे.

मी तुम्हाला मजकूर लिहून दिला होता: वर बुवांचं नाव, खाली गाव, साल, मग रूपाचा अभंग, गवळण, गजर असा क्रम. बस. रात्री जेवणं झाल्यावर तुमचा फोन आला. क्रम बरोबर आहे की नाही ते पाहायला तुम्ही स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून ऐकली होतीत. तुम्ही विचारलंत, ‘बुवांचा नाव आसा, पण पखवाज कोणाचो?’

काका, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. बाजारात मिळणाऱ्या भजनांच्या कॅसेटींवरही बुवांचा फोटो मोठा असायचा, वादकांचं नाव झालं तर कोपऱ्यात, आणि मागे उभं राहून ज्यांनी रात्रभर गळा फोडला ते सगळे ‘आणि मंडळी’. तुम्ही मात्र डाव्या हाताचं काम किती सुंदर आहे हे मला फोनवर समजावून सांगत होतात. पुढे म्हणालात, झांजवाला लय एकदाही सोडत नाही, त्याचंही नाव हवं. आणि कोरसमध्ये वरच्या पट्टीत गाणारा एक तरुण आवाज आहे, तो कोणाचा ते विचारून कळव. तोवर छापत नाही, असंही सांगितलंत.

मग फोनाफोनी सुरू झाली. आत्याला, वसईच्या चुलत्यांना, डोंबिवलीला राहायला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांना. पखवाज वाजवणाऱ्यांना मी जन्मभर ‘आबा’च म्हणत आले, त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊकच नव्हतं. झांजवाल्याला अख्खं गाव टोपणनावानेच हाक मारायचं. त्याचं खरं नाव, वडिलांच्या नावासकट, शेवटी बाबांनीच सांगितलं. वरच्या पट्टीतला तो आवाज माझ्या धाकट्या काकांचा निघाला. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीला आपल्या वडिलांचा आवाज कुठे जपलेला आहे, हेच माहीत नव्हतं. फोनवर ऐकवला तेव्हा ती रडायला लागली, आणि मग मीही.

नावं मिळाली तशी कार्डावर जागा पुरेना. तुम्ही वरच्या ‘श्री’भोवतीची वेलबुट्टी काढलीत, साल बारीक केलंत, गावाचं नाव पाठीवरून आत घेतलंत. वादकांच्या आणि कोरसच्या नावांना हात लावला नाहीत. बुवांचं नाव ज्या मापात, त्याच मापात पखवाज, त्याच मापात झांज, त्याच मापात कोरस. मी भीतभीत म्हटलं की बाबांना कदाचित आवडणार नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘खरे बुवा आसतीत तर आवडतला.’

बाबांना दिलं तेव्हा त्यांनी कार्ड डोळ्यांपासून दूर धरून, मान तिरकी करून एकेक नाव मोठ्याने वाचलं. स्वतःचं नाव भरभर, आबांचं सावकाश. मग मला विचारलं, ‘ह्यां कोणी लिवल्यान?’ मी तुमचं सांगितलं. त्यानंतर तासभर ते त्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलत राहिले. पखवाजाचं कातडं ओलसर हवेने इतकं सैल पडलं होतं, की आबा दर घरी पोचल्या पोचल्या आधी चुलीपाशी जाऊन बसायचे आणि घरच्या बायका लाकडं पुढे सारून द्यायच्या. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या कॅसेटी इतकी वर्षं आमच्या घरात असून त्यांच्यातली ही माणसं मला माहीत नव्हती.

चांगुलपणा म्हटलं की लोक मोठमोठ्या देणग्या आणि त्याग सांगतात. मला वाटतं, तो बहुतेक वेळा लक्ष देण्यात असतो. तुम्ही कॅसेट ऐकली नसतीत तरी काम पूर्ण झालं असतं आणि मी खूश होऊन घरी गेले असते. ज्याची मागणीच केलेली नाही तेही दुसऱ्याला द्यायचं, तेसुद्धा जे कधी आभार मानायला येणार नाहीत त्यांच्यासाठी, हे मी तुमच्याकडे पाहिलं. आधी ज्यांनी मला वाटेला लावलं त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा मोठी यंत्रं होती, वातानुकूलित खोली होती, नवे फॉन्ट होते. तुमच्याकडे खाटेशेजारी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर. त्या दोघांवर माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

आता थोडं कामाचं. माळ्यावर आणखी एक पिशवी सापडली आहे. तीत दोन डबलबारीच्या कॅसेटी दिसतात, म्हणजे समोरच्या बुवांची आणि त्यांच्या साथीदारांचीही नावं शोधावी लागतील. मी विचारपूस सुरू केली आहे. जेवढी मिळाली तेवढी वहीत लिहून आतेभावाकडे पाठवते. जिथे शंका आहे तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. कागदाचे आणि टोनरचे पैसे या वेळी त्याच्या हातून घ्याच, नाहीतर पिशवी परत मागवीन. आणि चतुर्थीला दुसऱ्या दिवशी रात्री आमच्याकडे भजन आहे. बाबांनी सांगितलंय, तुम्हाला पखवाजाच्या शेजारी बसवायचं.

तुमची,
बुवांची मुलगी