चाळीस करार आणि एक गुणपत्रिका

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच मिळालं. आंतरराष्ट्रीय विभाग तुझ्या गळ्यात पडला हे वाचून आधी हसलो, मग कीव आली. कपाटात परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीसाठी केलेले चाळीस सामंजस्य करार सापडले आणि गेल्या पाच वर्षांत त्यांतल्या एकावरही कोणी गेलं-आलं नाही, असं लिहितोस. नवल नाही. मी आलो तेव्हा आमच्या निम्म्या करारांवर सह्या करणारे दोन्हीकडचे कुलगुरू निवृत्त झाले होते. शिष्टमंडळ येतं, फोटो निघतो, फाइल कपाटात जाते.

आणखी किती करार करू, हे तुझ्या कुलगुरूंना विचारू दे, तू विचारू नकोस. आधी परीक्षा विभागात जाऊन बस. अदलाबदलीची गाडी अडते ती तिथे, विमानतळावर नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. एक मुलगी जर्मनीत एक सत्र शिकून आली. हुशार पोरगी. तिकडच्या गुणपत्रिकेवर एका विषयात १.३. आमच्या परीक्षा विभागातल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नीट वाचला आणि म्हणाले, "साहेब, ही तर नापास आहे." जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चूक त्यांची नव्हे, माझी. फ्रान्सचंही तसंच: विसापैकी १४ गुणांना तिथे 'चांगला' असा शेरा मिळतो, आपण सत्तर टक्के मांडून मोकळे होतो आणि मुलाचा वर्गातला क्रमांक घसरतो. म्हणून आता आम्ही समोरच्या विद्यापीठाकडून तक्ताच मागवतो: त्या विषयात किती टक्के मुलांना कोणती श्रेणी मिळाली. सूत्रं लावून गुण बदलण्यापेक्षा हे बरं.

ही झाली गुणांची कथा. क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाचं काम मोजायच्या एककाची, त्याहून किचकट. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात. त्यात तास, वाचन, परीक्षेची तयारी सगळं आलं. तुमच्याकडे फक्त वर्गातले तास मोजत असतील तर आकड्याला आकडा जुळणारच नाही. आणि अभ्यास मंडळावर एक तरी सदस्य असा निघतो, ज्याला आपल्या चौथ्या घटकातला तिसरा मुद्दा तिकडच्या अभ्यासक्रमात हवाच असतो. त्याच्याशी मुलगा परत आल्यावर भांडू नकोस, जाण्याआधी भांड. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरायचा, ते लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून विद्यार्थी, आपलं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या घे. त्या कागदाशिवाय कोणाला सोडायचं नाही, हा माझा एकमेव हट्ट.

दुसरं दुखणं समतोलाचं. मुलांनी शुल्क आपापल्या विद्यापीठात भरायचं आणि तिकडे माफ, हे गणित माणसामागे माणूस आला तरच जमतं. आपण सहा पाठवले आणि आला एकही नाही, तर दोन वर्षांत तिकडून गोड भाषेत पत्र येतं. मुलं का येत नाहीत ते मात्र कोणी बघत नाही. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, ऑस्ट्रेलियातलं पहिलं सत्र फेब्रुवारी-मार्चला. आपलं वेळापत्रक आदल्या आठवड्यापर्यंत ठरत नसेल, विषयांची यादी संकेतस्थळावर नसेल, राहायची सोय 'बघू' असेल, तर परक्या मुलानं यावं कशाच्या भरवशावर?

पैशाचं काय, हेही विचारलंयस. मोठ्या योजना मिळाल्या तर घे, पण त्यांच्यावरच तंबू ठोकू नकोस. १९४६ साली अमेरिकेत फुलब्राइट ही शिष्यवृत्ती सुरू झाली ती परदेशात उरलेल्या युद्धसामग्रीच्या विक्रीतून. म्हणजे या धंद्यात पैसा कुठून येईल सांगता येत नाही आणि कधी आटेल तेही. १९८७मध्ये ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं इरॅस्मस, म्हणजे युरोपातली विद्यार्थी अदलाबदलीची योजना, केवढं वाढलं! पण फेब्रुवारी २०१४मध्ये स्वित्झर्लंडनं स्थलांतरावर सार्वमत घेतलं आणि त्याच वर्षी तो देश त्यातून बाहेर पडला. मग त्यांनी स्वतःच्या तिजोरीतून जाणाऱ्यांनाही पैसे दिले आणि येणाऱ्यांनाही. विद्यापीठांना एकेका भागीदाराशी नव्याने बोलावं लागलं. अशा वेळी समोर पत्राला उत्तर देणारं ओळखीचं माणूस असेल तरच काम होतं.

म्हणून तुझ्या चाळिसांतले चार निवड. जिथल्या दोन प्राध्यापकांची एकमेकांशी आधीच ऊठबस आहे, असे. बाकी मुदत संपेल तसे संपू देत. कोणी रडणार नाही.

नव्या कराराचा मसुदा पाठव. एक कलम मी आधी बघणार आहे: करार मोडला तरी तिकडे गेलेल्या मुलाचं सत्र पुरं होईल, असं त्यात आहे की नाही. बहुतेक मसुद्यांत ते नसतं. लाल शाई भरून ठेवली आहे.

तुझाच,
जुना सोबती