‘नो ग्रोथ’ म्हणजे संसर्ग नाही, असे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. लघवीला जळजळ होते म्हणून नमुना द्यायला आलेल्यांना माझा पहिला प्रश्न असतो, ‘अँटिबायोटिक सुरू केलंय का?’ अनेकदा उत्तर येते, ‘घरात उरलेल्या होत्या, दोन घेतल्या.’ मग जंतू अर्धमेले होतात, कल्चरमध्ये म्हणजे जंतू वाढवण्याच्या प्लेटवर उगवत नाहीत, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो आणि कोणते औषध लागू पडेल हे कळायची वाट तिथेच बंद होते.

लघवीच्या संसर्गात सर्वाधिक सापडतो तो आतड्यातला ई. कोलाय हा जंतू; क्लेबसिएला, प्रोटियस, एन्टरोकॉकस हेही असतात. उगवलेला जंतू प्लेटभर पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. मोठे वर्तुळ म्हणजे जास्त गुणकारी औषध, असा हिशेब लोक करतात, तो साफ चूक. प्रत्येक औषधाचे माप वेगळे असते. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन या औषधापुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे जंतूला लागू पडणारे) असला, तरी मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या संसर्गात ते कामाचे नाही. म्हणून रिपोर्ट घेऊन परस्पर औषधाचे दुकान गाठू नये.

मला खरी काळजी वाटते ती लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाची. क्लॅमिडिया हा जंतू जिवंत पेशीतच वाढतो, आमच्या नेहमीच्या प्लेटवर कधीच नाही. गोनोरियाच्या जंतूलाही खास माध्यम लागते. एका तरुणीचा तिसरा ‘नो ग्रोथ’ रिपोर्ट माझ्या हातून गेला. पू-पेशी भरपूर, जंतू शून्य. ती सुटकेचा श्वास टाकत गेली. मला मात्र चैन पडेना. अशा वेळी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआरसारखी तपासणी लागते. या तपासणीसाठी पुरुषांनी लघवीची पहिली धार द्यायची, जी कल्चरसाठी आपण सोडून द्यायला सांगतो. स्त्रियांसाठी योनीमार्गातला स्वॅब अधिक चांगला. क्लॅमिडिया अंगावर काढला तर गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. गोनोरियाने तर पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन एकामागून एक निकामी केली; आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिॲक्झोनच्या इंजेक्शनवर आहे.

लोक हे सांगायला लाजतात आणि डॉक्टरही विचारायला कचरतात. जोडीदाराला तर कुणी घेऊनच येत नाही, मग बरा झालेला रुग्ण पुन्हा त्याच तक्रारीने येतो. आपल्या आरोग्यविषयक पानावर ‘भरपूर पाणी प्या’ याच्या जोडीला एवढे जरूर छापावे: पहिल्या गोळीआधी नमुना द्या, आणि रिपोर्ट कोरा येऊनही त्रास थांबत नसेल तर डॉक्टरांना लैंगिक संसर्गाच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ