वृद्धाश्रमांची तपासणी रात्रीही व्हावी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

शासकीय रुग्णालयातून परिसेविका म्हणून मी निवृत्त झाले. त्यामुळे नात्यातल्या किंवा कॉलनीतल्या कुणाला आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम पाहायचा असला की ‘ताई, तुम्ही जरा सोबत चला’ असा निरोप येतो आणि मी जाते. नाशिकच्या गंगापूर रोड, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी फाटा या भागांत अलीकडे भाड्याच्या बंगल्यांतून आणि रो-हाउसमधून अशी निवासगृहे निघाली आहेत. मुले पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर परदेशात असतात, दिवसभर घरी थांबणारी बाई मिळत नाही आणि मिळाली तरी टिकत नाही. तेव्हा आपल्या माणसाला वृद्धाश्रमात ठेवणाऱ्यांना बोल लावण्याचा माझा हेतू नाही. पण दरमहा पैसे मोजून ज्यांच्या हवाली आपण आपली माणसे करतो, त्यांचे काम कसे चालले आहे हे नियमाने कुणी पाहावे आणि जे दिसले ते लोकांना कळावे, अशी व्यवस्था आपल्या जिल्ह्यात उभी राहिली पाहिजे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

वृद्धाश्रम पाहायला जाणारे कुटुंब सहसा सकाळी अकराच्या सुमारास जाते. बाग, देवघर, स्वच्छ फरशी, भिंतीवरचे कॅमेरे आणि चहा देताना अदबीने बोलणारे व्यवस्थापक पाहून त्यांचे समाधान होते. मला मात्र रात्रीची विचारपूस करावीशी वाटते, कारण म्हातारी माणसे पडतात ती बहुधा रात्री लघवीला उठताना, आणि त्या वेळी हाकेला कोण येते यावर सगळे अवलंबून असते. अशाच एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) स्वयंपाकघराच्या फडताळात स्टीलचा मिसळणाचा डबा होता आणि त्याच्या वाट्यांमध्ये मोहरी-जिऱ्याच्या जागी रहिवाशांच्या गोळ्या होत्या, पाकिटातून सोडवलेल्या, वाटीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या. दोन चिठ्ठ्यांवरची शाई पुसली गेली होती. रक्तदाबाची गोळी कोणती आणि झोपेची कोणती, हे त्या डब्यावरून मलाही सांगता आले नसते. रात्रपाळीला सुरगाण्याकडची एक तरुण मुलगी एकटी असे. ‘रात्री एखाद्या आजींची शुगर उतरली तर काय करशील?’ असे विचारले, तर ती म्हणाली, ‘सरांना फोन लावते.’ सर राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगी मायाळू होती, आजींची वेणीसुद्धा घालून देत होती, पण शुगर उतरल्याची लक्षणे कोणती आणि आधी काय द्यायचे हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. दोष तिचा नाही. तिला एकटीला त्या मजल्यावर ठेवून घरी जाणाऱ्याचा आहे.

तिथे रात्रीचे जेवण साडेसहाला आटोपत होते आणि न्याहारी नऊला. स्वयंपाकीणबाईंना लवकर सुटता यावे म्हणून ही वेळ ठरली होती. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला साडेचौदा तास उपाशी ठेवणे धोक्याचे आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. झोपण्यापूर्वी कपभर दूध आणि दोन बिस्किटे दिली तरी धोका बराच कमी होतो.

सेवेची खरी परीक्षा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर होते. माकडहाड, खुबा आणि टाच या ठिकाणी हाडावर मांस कमी असते, तिथला रक्तपुरवठा दाबामुळे थांबतो आणि आधी नुसता लालसर डाग पडतो. बोटाने दाबून सोडल्यावरही तो डाग फिकट होत नसेल, तर बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, ओले डायपर वेळेवर काढणे, चादरीला सुरकुती राहू न देणे, हवेची गादी वापरणे आणि आहारात प्रथिने देणे एवढ्याने बहुतेक जखमा टळतात. म्हणून जिथे कूस बदलल्याचा तक्ता पलंगाशी टांगलेला असतो आणि त्यावर रात्री दोन आणि चार वाजताच्याही नोंदी असतात, तिथे माझा विश्वास बसतो; अर्थात सगळ्या नोंदी एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या तर तो उडतोही. तीच गोष्ट वजनाची. दरमहा वजन करायला एक काटा आणि एक वही पुरते. पन्नास किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो वजन उतरले, तर त्याला भरवले जात नाही, त्याचे दात दुखत आहेत, तो मनाने खचला आहे किंवा आजार बळावला आहे, यांपैकी काहीतरी घडत असते आणि डॉक्टरांना बोलवायची ती वेळ असते. ही वही मागितल्यावर दाखवणारी ठिकाणे मला फार थोडी भेटली.

आगीचा विषय तर काढलाच जात नाही. १ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत ग्रेटर कैलास भागातील ज्येष्ठांच्या निवासगृहाला लागलेल्या आगीत दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. आपल्या राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. परंतु राहता बंगला म्हणून नकाशा मंजूर झालेल्या इमारतीत वीस खाटा लागल्या, तर त्या बदललेल्या वापराची नोंद कुठे होते? वरच्या मजल्यावर चालता न येणारी माणसे, खिडक्यांना पक्के गज, एकच अरुंद जिना, कुणी बाहेर निघून जाऊ नये म्हणून लावलेले कुलूप आणि त्याची किल्ली खाली कार्यालयात, हे सगळे मी एकाच इमारतीत पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन एकाच दिवसात बावीस रुग्ण दगावले. यंत्रणा आधी तपासून ठेवण्याचे महत्त्व या शहराला आणखी कुणी पटवून देण्याची गरज नसावी.

कायद्याची स्थिती अशी आहे की, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यातील कलम १९ सरकारी वृद्धाश्रमांविषयी बोलते. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक आश्रम असावा, असे त्यात म्हटले आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी निवासगृहांची नोंदणी आणि त्यांचे किमान दर्जे ठरवण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडेही गेले, पण सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बारगळले. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी आणि हिशेब असतात. त्या नोंदणीचा क्रमांक पाटीवर ठळक रंगवलेला असला की लोकांना ती सेवेच्या दर्जाची ग्वाही वाटते. न्यासाचे हिशेब चोख असणे आणि आजींची पाठ जखमेविना असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था २००९ पासून हे काम करते. जागा सुरक्षित आहे का, दिलेल्या सेवेचा उपयोग होतो का, माणसांशी जिव्हाळ्याने वागतात का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बदल करतात का आणि कारभार नीट चालतो का, अशा पाच प्रश्नांवर ती प्रत्येक निवासगृहाला चारपैकी एक श्रेणी देते, अहवाल सर्वांना वाचायला खुला ठेवते आणि मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावणे चालकांवर बंधनकारक आहे. तिथेही गैरप्रकार उघडकीला येतात आणि त्या संस्थेवर टीकाही होते. तरी प्रवेश घेण्यापूर्वी चार ओळी वाचायला मिळणे ही कुटुंबांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

नव्या कायद्याची वाट न पाहता नाशिकमध्ये एवढे सुरू करता येईल. जिल्हाधिकाऱ्यांनी समाजकल्याण विभाग, महापालिकेचे आरोग्य आणि अग्निशमन विभाग यांचे संयुक्त पथक नेमावे, त्यात रुग्णसेवेचा अनुभव असलेली एक परिचारिका असावी आणि वर्षातून निदान एकदा तरी त्यांनी रात्री दहानंतर, न कळवता जावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, म्हणजे आपल्या दारात आहे; तपासणीचा नमुना तयार करणे आणि रात्रपाळीच्या मुलींना प्राथमिक प्रशिक्षण देणे ही दोन्ही कामे विद्यापीठाच्या मदतीने होण्यासारखी आहेत. पथकाने रहिवाशांशी चालक समोर नसताना बोलावे. व्यवस्थापक शेजारी उभे असताना ‘सगळं छान आहे हो’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

तपासणी कडक झाली तर कमी पैशांत चालणारे लहान आश्रम बंद पडतील आणि त्यातली माणसे जातील कुठे, अशी भीती चालक बोलून दाखवतात. ती अगदीच निराधार नाही. दिंडोरी रोडच्या बाजूला एका जुन्या घरात चालणारे एक ठिकाण मला माहीत आहे. तिथे भिंतींना पोपडे आले आहेत, बाग नाही, पण संडासात दोन्ही बाजूंना धरायला पाइप आहेत, दाराला बाहेरूनही उघडता येणारी कडी आहे, औषधे ज्याच्या त्याच्या डब्यात मूळ पाकिटांसह आहेत आणि रात्री दोघीजणी जाग्या असतात. अशा जागेला रंगरंगोटीसाठी नोटीस देण्यात काहीच अर्थ नाही. धोक्याच्या त्रुटी आणि दिसण्याच्या त्रुटी वेगळ्या धराव्यात, पहिल्यांना थोड्या दिवसांची मुदत आणि दुसऱ्यांना सवड द्यावी, आणि हात-पाय बांधून ठेवणे किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या देणे आढळले तर मुदत न देता कारवाई करावी.

आपल्या वृत्तपत्राने जिल्हा प्रशासनाकडे दोन गोष्टींचा पाठपुरावा करावा, ही विनंती. जिल्ह्यात अशी निवासगृहे किती आणि कुठे आहेत याची यादी जाहीर व्हावी, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटची तपासणी कोणी व कधी केली, हे त्या यादीत नावापुढे लिहावे. ज्या नावापुढे ती जागा रिकामी असेल, तिथून कामाला सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
इंदिरानगर, नाशिक