माळ म्हणजे आमचा सडा

आदरणीय काका,
सा. न.

तुमचा आताचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे उघडं पत्र.

तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे तुम्ही बसायचात. मी सातवीत होतो. बालविभाग संपवून मोठ्यांच्या कपाटांशी घुटमळायचो. तुम्ही एक दिवस वडिलांच्या खात्यावर नोंद केलीत आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ माझ्या हातात ठेवलीत.

वाचनालयाचं बाइंडिंग ते! काळं रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या शाईतला नंबर, मुखपृष्ठ कधीच गेलेलं. आतला मुलूख कसा दिसतो हे सांगायला एक चित्र नाही, आणि मी रत्नागिरी जिल्ह्यातला, घाट न चढलेला पोरगा. दोन दिवसांनी येऊन विचारलं, "काका, माळ कसा असतो?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुला कसा दिसला?"

"आमच्या सड्यासारखा." सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार.

"मग तोच. पुढे वाच."

तेवढ्या परवानगीवर मी अख्खी वाडी उभी केली. माझ्या बनगरवाडीच्या भिंती चिऱ्याच्या, वर कौलं. धनगरांची मेंढरं मी आमच्या गडग्यांवरून उड्या मारत नेली. मास्तरला चेहरा दिला आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या गुरुजींचा. अडलो ते दुष्काळापाशी. पाऊस येत नाही आणि वाडी उठून जाते, हे मला दिसेचना. आमच्याकडे लोक पाऊस थांबायची वाट बघतात. मग मे महिन्यातला आमचा कोरडा पऱ्या, म्हणजे ओढा, आठवला, त्यातले तापलेले धोंडे आठवले, आणि तो मे मी जूनमध्ये, जुलैमध्ये नुसता ओढत नेला. घशाला कोरड पडली. ती पानं वाचताना अजून पडते.

१९९५ साली अमोल पालेकरांचा सिनेमा आला. चांगला आहे, पण पडद्यावरचा मास्तर बघून पहिली दहा मिनिटं मी रुसून बसलो होतो. पुढे नोकरीनिमित्त आटपाडीकडे, माडगूळकरांच्या मुलखात जाणं झालं. तिथं खरा माळ बघितला: बाभळी, बुटकी धाब्याची घरं, नजरेला आडवं येणारं काही नाही. चूक कळली. तरी पुस्तक उघडलं की वाडी चिऱ्याचीच उभी राहते. माडगूळकर स्वतः रेखाटनं करत, डोळ्यांनी टिपून घेणारा माणूस. त्यांना माझी कौलं चालली असती का, कोण जाणे. तुम्हाला चालली, म्हणून हे आभार.

माझी मुलगी पुण्यात वाढतेय. परवा वाचता वाचता तिनं विचारलं, "बाबा, पऱ्या म्हणजे काय?" मी फोटो दाखवायला फोन काढला, आणि परत खिशात ठेवला.

"तुला काय दिसलं?"

"आपल्या सोसायटीमागचा नाला."

काका, नाला म्हणजे जरा जास्तच झालं. पण मी म्हटलं, "बरं. पुढे वाच."

तुमचा,
एक जुना बालसभासद