गोल्फच्या सहलीत बाकीच्यांनी सहा तास काय करायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या गोल्फ मैदानांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. मैदानांची माहिती चांगली होती. पण कुटुंबासाठी त्यात अखेरची एकच ओळ होती: न खेळणाऱ्यांना फिरायला आणि खरेदीला भरपूर वाव आहे. त्या ओळीपायी हे पत्र लिहिते आहे, कारण नेमक्या त्याच भरवशावर आम्ही एकदा सगळं घर घेऊन निघालो होतो.

आम्ही गेली अकरा वर्षं लीड्सला राहतो. नवऱ्याला आणि धाकट्या दिरांना गोल्फचं वेड आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठची, आणि उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे असतात. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि गुडघे दुखतात. २०२३ साली एका सहल कंपनीकडून आम्ही आठवड्याची सहल घेतली. सात दिवसांत सहा मैदानं, पश्चिमेला मॅक्रिहॅनिशपासून उत्तरेला डॉर्नॉकपर्यंत. नकाशावर ही गावं बोटभर अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात नुसतं ग्लासगोहून मॅक्रिहॅनिशला पोचायला डोंगरांना आणि खाडीला वळसे घालत तीन तासांहून जास्त लागतात. कार्यक्रमपत्रिकेत खेळणाऱ्यांपुढे मैदानाचं नाव आणि वेळ होती. आमच्यापुढे रोज तेच दोन शब्द होते, 'मोकळा वेळ'.

तिसऱ्या दिवशीचा मोकळा वेळ मला अजून आठवतो. मैदान गावापासून लांब होतं आणि सकाळपासून आडवा पाऊस लागला होता. क्लबच्या बैठकीच्या खोलीत ओल्या बुटांनी यायची मुलांना मनाई होती. सासूबाई गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या, मी काचेवरची वाफ पुसत होते आणि मुलगी दर दहा मिनिटांनी विचारत होती, "बाबा आता कितव्या होलवर असतील?" सकाळी आठला गेलेला माणूस दोन वाजता परत आला, तो इतका आनंदात की मला काही बोलवेना. संध्याकाळी मुलगी जेवली नाही. चूक त्याचीही नव्हती. सहल आखतानाच आम्हा न खेळणाऱ्या चौघांना सामानासारखं धरलं होतं.

म्हणून या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यातली शाळेची सुट्टी मी स्वतः आखली. हिशेब साधा केला. गोल्फची पूर्ण फेरी अठरा होलची, म्हणजे चेंडू एकामागून एक अठरा खळग्यांत घालायचा. ती पायी खेळायला चार ते साडेचार तास लागतात. आधीची तयारी, नंतरचा चहा आणि गप्पा धरल्या की सहा तास. हे सहा तास गाडीशिवाय, पावसातही, म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला बरे जातील असं गाव आधी शोधायचं. मैदान त्यानंतर. किनाऱ्यावर अशी गावं आहेत आणि त्यांची मैदानंही काही कमी नावाजलेली नाहीत. आम्ही दोनच निवडली, सेंट अँड्र्यूज आणि नॉर्थ बेरिक. चार चार रात्री.

सेंट अँड्र्यूजला १९६९पासून रेल्वे नाही. एडिनबराहून तासाभरात लूकर्स स्टेशनावर उतरायचं, बाहेर बस मिळते आणि ती थोड्याच वेळात गावात सोडते. सासूबाईंना यात काही जड गेलं नाही. शनिवारी पोचायचं हे मी मुद्दाम ठरवलं होतं, कारण रविवारी ओल्ड कोर्स या तिथल्या प्रसिद्ध मैदानावर खेळ बंद असतो. मैदानाला विश्रांती असते आणि त्या दिवशी ते साऱ्या गावाचं होतं. जगभरातले खेळाडू ज्या गवतावर एक फेरी मिळावी म्हणून तीनशेहून जास्त पौंड मोजतात, तिथे रविवारी कुत्री, बाबागाड्या आणि काठ्या टेकत फिरणारे आजी-आजोबा असतात. आम्ही सगळेच जण तिथे चाललो. खेळणाऱ्या माणसाला आपला खेळ घरच्यांना जागेवर नेऊन दाखवता येतो, हे सुख मला आधी माहीत नव्हतं. नवरा एकेका बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, काठावर उभं राहून सांगत होता आणि मुलगा नकाशा धरून त्याच्या मागे. हिरवळ म्हणजे होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. तिथे अशा सात हिरवळी दोन-दोन होलमध्ये वाटलेल्या आहेत. मुलाने तिथेच शोधून काढलं की जोडीतल्या आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी अठरा येते: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, थेट आठवं आणि दहावं इथपर्यंत. ते कळल्यावर तो पुढचं प्रत्येक होल मोजत गेला. स्विल्कन ओढ्यावरचा तो प्रसिद्ध दगडी पूल म्हणजे खरं तर एवढासा साकव. मेंढरं पलीकडे न्यायला बांधलेला. सासूबाईंनी त्याच्या कठड्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

सोमवारी त्या स्वतः खेळल्या. ओल्ड कोर्सला लागूनच 'हिमालयाज' नावाचं पटिंगचं, म्हणजे चेंडू जमिनीवरूनच होलकडे ढकलण्याचं, मैदान आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या तिथल्या महिलांच्या पटिंग क्लबचं. त्या काळी बाईमाणसाने काठी खांद्याच्या वर उगारणं शोभत नाही असं समजत, म्हणून बायकांसाठी नुसतं पटिंग. आज मोसमात थोडे पौंड भरून कुणीही खेळू शकतं, काठी आणि चेंडू तिथेच मिळतात. नाव हिमालयाचं असलं तरी उंचवटे कमरेएवढेसुद्धा नाहीत, पण चेंडूला तेवढे पुरतात. सुती साडी, त्यावर नातवाचं जॅकेट, पायात बूट. पहिला चेंडू त्यांनी हळूच ढकलला. तो चढावर अर्ध्यात गेला, क्षणभर थांबला आणि वळून पुन्हा त्यांच्याच पायाशी आला. दुसराही आला. तिसऱ्या वेळी त्यांनी होलकडे बघणंच सोडलं, डावीकडच्या उताराच्या माथ्यावर नेम धरला, आणि चेंडू तिथून सावकाश वळत वळत खाली उतरून होलपासून वीतभर अंतरावर थांबला. शेजारच्या जोडीने टाळ्या वाजवल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड तास उभं राहावंसं वाटलं, ही गोष्ट मला कुठल्याही मैदानाच्या क्रमवारीपेक्षा मोठी वाटते.

ओल्ड कोर्सवर खेळायला मिळणं हे बव्हंशी सोडतीवर असतं. दोन दिवस आधी नाव द्यायचं आणि निकालाची वाट बघायची. या सोडतीवर घरच्यांचा दिवस टांगून ठेवू नका, हे मी कळकळीने सांगते. आमच्या दोघांनी रोज नाव दिलं आणि एकदाही लागलं नाही. पण १८९५ सालच्या न्यू कोर्सवरची पहाटेची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. त्या दिवसांत साडेचारलाच उजाडतं. साडेसहाला गेलेले दोघे साडेअकराला परत आले, तोवर आम्ही वेस्ट सँड्सच्या लांबलचक वाळूवर फिरून, न्हाऊन तयार होतो. एका सकाळी मात्र समुद्रावरून धुकं आलं आणि दहा पावलांवरचं दिसेना. उबदार दमट हवा थंड उत्तर समुद्रावरून येते तेव्हा पूर्व किनाऱ्यावर असं होतं. तिथले लोक त्याला 'हार' म्हणतात. सासूबाईंना तो शब्द फार आवडला, त्या दिवसभर तोच म्हणत होत्या. त्या दिवशी आम्ही किल्ल्यातलं १५४६-४७च्या वेढ्यातलं भुयार पाहिलं आणि कॅथेड्रलच्या अवशेषांत टॉम मॉरिस या नामवंत गोल्फपटू बापलेकांच्या कबरी. धाकट्या टॉमने ओपन ही ब्रिटनमधली गोल्फची सगळ्यांत मानाची स्पर्धा लागोपाठ चार वेळा जिंकली आणि १८७५च्या नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी तो गेला. बाप त्याच्यामागे १९०८पर्यंत जगला. मुलगी तिथे बराच वेळ उभी होती.

बुधवारी एडिनबरामार्गे नॉर्थ बेरिक. एडिनबराहून लोकल गाडीने अर्धा तास. उतरून चालत समुद्र, दुकानं, बंदर, आणि गावाच्या टोकालाच वेस्ट लिंक्स हे मैदान. बंदरावर समुद्रपक्षी केंद्र आहे आणि समोर बास रॉक, गॅनेट या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या वसाहतींपैकी एक. लांबून तो खडक वरून चुना ओतल्यासारखा दिसतो. बोटीने जवळ गेलं की कळतं, तो पांढरा रंग हलतो आहे. पक्षी वर थबकतात, पंख मिटून बाणासारखे पाण्यात शिरतात. केंद्रातल्या कॅमेऱ्यातून खडकावरची घरटी जवळून बघता येतात. गॅनेटचे डोळे फिके निळे असतात, पण पडद्यावर एकाचे डोळे काळेभोर होते. २०२२ साली या वसाहतीत बर्ड फ्लूने हाहाकार केला आणि त्यातून वाचलेल्या कित्येक पक्ष्यांचे डोळे असे काळे झाले. आजारातून उठलेला पक्षी डोळ्यांवरून ओळखता येतो, हे ऐकल्यापासून मुलगा प्रत्येक पक्ष्याचे डोळे तपासत होता. नवरा पलीकडे पंधराव्या 'रेडॅन' होलवर झगडत होता, तेव्हा आम्ही इथे होतो. आम्हाला कुणाची वाट बघावी लागली नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने गोल्फच्या मैदानातून चालत पलीकडे जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, खेळात अडथळा आणायचा नाही, एवढंच. म्हणजे समुद्रावर जायला मैदानाला मैलभर वळसा घालायला नको. थांबून, चेंडू कुठून येतो ते बघून, भराभर जायचं.

शेजारच्या गलनला म्युअरफील्डचं मैदान आहे. कुंपणापाशी उभं असताना मुलीने विचारलं, इथे मुली खेळतात का. मी तिला खरं ते सांगितलं. या क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायचा ठराव २०१७ साली केला, त्याआधीच्या वर्षी तोच ठराव पडला होता. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट (आर अँड ए) गोल्फ क्लबने २०१४ साली केला. २०२२ साली मात्र स्त्रियांची ओपन स्पर्धा याच म्युअरफील्डवर झाली. बायकामुलांना 'मोकळा वेळ' देणारी कार्यक्रमपत्रिका मला त्याच जुन्या सवयीतून आलेली वाटते, आणि म्हणून ती खटकते.

खर्चाचं थोडक्यात. स्कॉटरेल या स्कॉटलंडच्या रेल्वे कंपनीने गर्दीच्या वेळचं चढं भाडं सप्टेंबर २०२५पासून बंद केलं आहे, त्यामुळे सकाळच्या गाडीला जास्त पैसे पडत नाहीत. एडिनबरात मुक्काम करणाऱ्यांना मात्र २४ जुलै २०२६पासून राहण्याच्या खर्चावर ५ टक्के कर आहे, पहिल्या पाच रात्रींपुरता. जुलै २०२७मध्ये पुरुषांची ओपन सेंट अँड्र्यूजला आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसासोबत मोफत प्रवेश असतो. ज्यांना स्पर्धा बघायची आहे त्यांनी राहायची सोय आत्ताच बघावी, नुसतं खेळायचं असेल तर ते दिवस टाळावेत.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या लेखात प्रत्येक मैदानापुढे होल आणि फी यांच्याबरोबर चार गोष्टी छापाव्यात: सगळ्यांत जवळचं स्टेशन किंवा बस, चालत जाता येईल असा किनारा, पावसात बसायची जागा, आणि स्वच्छतागृह. ही यादी मिळवायला मला तीन आठवडे फोन करावे लागले.

आपली,
एक नियमित वाचक, लीड्स

ता. क. नॉर्थ बेरिकमध्ये मुलांसाठी वेगळं नऊ होलचं मैदान आहे, गलनमध्ये सहा होलचं. वर लिहायचं राहून गेलं. नॉर्थ बेरिकच्या मैदानावर मोठ्या माणसाला मूल सोबत असल्याशिवाय खेळता येत नाही. शेवटच्या संध्याकाळी, जेवण झाल्यावरही लख्ख उजेड होता तेव्हा, नवऱ्याला तिथे खेळायचं होतं. त्याने मुलीला विचारलं. तिने आधी हातातलं आइस्क्रीम संपवलं आणि मग त्याला घेऊन गेली.