पाठीवरच्या चिरेसाठी, काका, तुमचे आभार

प्रिय काका,

दालनात खोड उभं करून वर्ष झालं. परवा मुद्दाम भिंतीच्या बाजूने हात घालून त्याच्या पाठीवरची चीर चाचपली. तुम्ही करवत चालवलीत तेव्हा तिच्यात जेमतेम एक नाणं शिरलं असतं. आता माझी दोन बोटं जातात. समोरच्या बाजूला मात्र एक तडा नाही! म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

हे काम मिळालं तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. वादळात पडलेल्या झाडाचं नऊ फुटी खोड, समोरून वाढीचं एकेक वर्तुळ तासत आत जायचं आणि त्याच्या पोटातलं कोवळं झाड मोकळं करायचं. जुझेप्पे पेनोने हे इटालियन शिल्पकार १९६९ पासून तुळयांमधून अशी झाडं बाहेर काढत आले आहेत, माझी वाट त्यांच्याच कामातून निघाली. पण आधीचं माझं एक शिल्प बसवल्यावर दोन महिन्यांत उभं फाटलं होतं, आणि ते लाकडाचं नशीब म्हणून मी सोडून दिलं होतं.

तुमच्याकडे आले ती फक्त गाठींबद्दल विचारायला. तुम्ही खोडाच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "तिथे एसी दिवसभर चालतो का?" मग त्याच खोडाची दोन इंची चकती कापून हातात दिलीत. "ही नेऊन ठेव तिथे. आधी हिला राहू दे."

विसाव्या दिवशी चकती सालीपासून गाभ्यापर्यंत उघडली होती, गोल भाकरीचा एक तुकडा मोडून घ्यावा तशी. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. हा ताण कुठेतरी फुटणारच. कुठे, ते आपण ठरवायचं, हे तुमच्याकडून कळलं. अख्खं खोड वाळायची वाट बघायची तर इंचामागे वर्ष, एवढी सवड कुणाकडे होती? तुम्ही पाठीवर गाभ्यापर्यंत सरळ काप घेतलात, त्यात पाचर बसवलीत, दोन्ही टोकांना मेण लावायला लावलंत. जपानी घरांच्या खांबांना मागून अशीच चीर देतात, हे मी पुढे वाचलं. तुम्ही ते हातानेच शिकला होतात.

आणि गाठी. "गाठ म्हणजे फांदीच. ती गाभ्यापासून निघते. तिच्याभोवतीचं काढ, तिला धक्का लावू नकोस." पहिली गाठ मोकळी करायला मला चार दिवस लागले. पटाशी अडली की तुम्ही माझं मनगट किंचित वळवायचात, बोलायचा नाहीत. चौथ्या दिवशी बोटभर लांबीची फांदी बाहेर आली, कित्येक वर्षांच्या लाकडाने गिळलेली. मी तिला हात लावून नुसती उभी राहिले होते.

न्यूयॉर्कमधल्या वॉल्टर डी मारिया यांच्या मांडणशिल्पाबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं? इमारतीतल्या एका मजल्यावर सुमारे बावीस इंच जाडीचा मातीचा थर, १९७७ पासूनचा. त्या मातीवर अजून पाणी शिंपडतात, दंताळं फिरवतात. तुम्ही रंधा न थांबवता म्हणालात, "मग? घरात आणल्यावर बघायला नको?"

मीही आता बघते, काका. दर महिन्याला चीर मोजून वहीत लिहिते. गेले तीन महिने आकडा तोच आहे. पाचर सैल झाली तेव्हा काढून घेतली, ती माझ्या कामाच्या टेबलावर त्या फुटलेल्या चकतीशेजारी ठेवली आहे. पुढच्या कामासाठीचं खोड आलं आहे. ते कापण्याआधी तुम्हाला न्यायला येते.

तुमची,
पटाशी अजून थोडी वाकडी धरणारी शिष्या