भराव जानेवारीत, पाणी जुलैत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाळवा तालुक्यात गावठाणाला लागून असलेल्या बागायती रानांचे गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडत आहेत. त्याबद्दल बरेच लिहिले जाते, परंतु शेतातले पाणी बाहेर काढणाऱ्या चरांचे पुढे काय होते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आमच्या शिवारात वरच्या सात-आठ जणांच्या रानांतले पाणी एका सामाईक चरातून ओढ्याला आणि तेथून कृष्णेला मिळत असे. गेल्या जानेवारीत खालच्या मळ्याचे प्लॉट पाडताना रस्त्यासाठी मुरमाचा भराव टाकला गेला आणि चर बुजला. उन्हाळ्यात कोणालाच काही जाणवले नाही. जुलैमध्ये मी उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लागण केली, लगेच पाऊस लागला आणि सऱ्यांतले पाणी बारा दिवस हलले नाही. लावलेली कांडी उकरून पाहिली तर कोंब फुटायचे डोळे काळे पडलेले. नांग्या भराव्यात, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा कांड्या लावाव्यात म्हटले, तर वाफसा येईना, रान कामाजोगे सुकेना.

एका लागणीचे नुकसान सोसता येईल, पण खरी धास्ती क्षारपडीची आहे. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. अशा रानात छिद्रांचे पाइप गाडून निचरा करता येतो, मात्र त्या पाइपांचे पाणीही शेवटी चरातच सोडावे लागते.

रान विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पंचवीस गुंठ्यांत दोन भावांचे भागत नाही, आणि 2019 व 2021 च्या महापुरांनंतर उंचावर घर हवे असणाऱ्यांचेही चुकत नाही. अडचण मुदतीची आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 अन्वये पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहातील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे, परंतु दावा 6 महिन्यांत दाखल व्हावा लागतो आणि ही मुदत अडथळा प्रथम निर्माण झाल्यापासून मोजली जाते. जानेवारीतल्या भरावाने केलेले नुकसान पावसाळ्यात दिसते, तोवर मुदत सरलेली असते. मी ऑगस्टमध्ये विचारपूस केली तेव्हा नेमके हेच कळले.

तेव्हा प्लॉटच्या रेखांकनाला मंजुरी देण्यापूर्वी लगतच्या शेतकऱ्यांसमक्ष स्थळपाहणी करून चर व ओघळी मोजणीच्या नकाशावर दाखवाव्यात, आणि रस्त्याच्या भरावाखाली नळे टाकल्याखेरीज मंजुरी देऊ नये. पाण्याच्या अडथळ्यापुरती तरी दाव्याची मुदत पहिला पावसाळा संपेपर्यंत धरली जावी, यासाठी शासनाने कायद्यात दुरुस्ती करावी.

आमचा चर अजून बुजलेलाच आहे. त्या भरावाखाली नळे पडले, तरच येत्या जानेवारीत त्या रानात ‘सुरू’ हंगामाचा ऊस लावण्यात अर्थ आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
ता. वाळवा, जि. सांगली